बिल कुणाच्या घामाने कमी करायचे?

गेल्या वर्षीच्या रमजानमध्ये मी पंधरा दिवस मिरजेला घरी होतो. ऑफिसने वर्क फ्रॉम होमची परवानगी दिली होती. अब्बा एसटीतून निवृत्त झालेत. घरी अम्मी, अब्बा, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुले असतात. महिना संपला, ईद झाली आणि विजेचे बिल आले. ४१२ युनिट, रक्कम साडेपाच हजारांच्या घरात.

मी इंजिनिअर. घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन. बिल हातात घेऊन मी सगळ्यांना बसवले आणि अर्धा तास ऐकवले. दिवे चालू राहतात, टीव्ही चालू राहतो, चार्जर प्लगला लटकलेले असतात, कुणाचे लक्ष नाही. अब्बांनी मान डोलावली, भाऊ मोबाईलमध्ये बघत राहिला. अम्मी काहीच बोलली नाही.

दोन दिवसांनी दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. अम्मीने शव्वालचा रोजा धरला होता. ती गॅससमोर उभी होती, ओढणीच्या टोकाने मान पुसत होती आणि तिच्या मागचा छोटा टेबल फॅन बंद होता. मी विचारले तर म्हणाली, "तूच बोल्या ना बेटा, बिल जास्ती आया बोलके."

मी फॅन लावला. मग तिथेच, फ्रिजला टेकून, मनातल्या मनात हिशेब केला. तो फॅन ५० वॅटचा. दिवसाला चार तास चालला तरी ०.२ युनिट. महिन्याला ६. आणि मी त्या पंधरा दिवसांत जो एसी लावून झोपत होतो, १८ डिग्रीवर, हॉलचा दरवाजा अर्धा उघडा ठेवून, तो रोज सरासरी ९ युनिट खात होता. माझ्या एका रात्रीत अम्मीचा दीड महिना जात होता.

हा लेख त्या हिशेबातून आला आहे. वीज कशी वाचवायची हे त्यात आहेच. पण तुमच्यापैकी बहुतेक जण असे आहेत की घरातले पहिले किंवा दुसरे पदवीधर, आणि घरात "सांगण्याचा" अधिकार तुमच्याकडे आलेला आहे. म्हणून आधी हे कबूल करावेसे वाटले. आपल्या घरांत काटकसरीचा आदेश सुटतो तेव्हा तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही. जो सर्वांत कमी बोलतो, तो सर्वांत आधी आपला पंखा बंद करतो.

आधी मोजा

त्या रात्री मी एक वही केली. रोज इशाच्या नमाजनंतर मीटरचे रीडिंग लिहायचे, एवढेच. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिला धडा हाच मिळतो. प्रोग्राम हळू चालतो म्हणून अंदाजाने कोड बदलत बसायचे नाही, आधी मोजायचे की वेळ कुठे जातो. बहुतेक वेळा तो तुम्हाला वाटते तिथे जात नसतो. विजेचेही तसेच निघाले.

मोजायला महागडे काही लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेले असते की किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. अशा मीटरचा दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि त्याला १९ ने गुणा. साधारण तेवढे वॅट त्या क्षणी तुमचे घर खेचत असते. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ३८ ने गुणा. आता एकेक उपकरण बंद-चालू करून बघा. आमच्या घरात मुलांना हा खेळ इतका आवडला की पुतण्या अजूनही पाहुण्यांना मीटरपाशी नेऊन दाखवतो.

सगळे बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर काहीतरी गडबड आहे. एक तर कुठेतरी करंट गळतोय, नाहीतर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची लाइन जोडलेली आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे एकदा जरूर करून बघावे.

आमच्या ४१२ युनिटांचा हिशेब अंदाजे असा निघाला. एसी १३५. चार पंखे १०८. जुना फ्रिज ५७. माझा कॉम्प्युटर, दोन स्क्रीन आणि यूपीएस मिळून २५. जिन्यातला एक साधा पिवळा बल्ब २०. घरातले बाकी सगळे दिवे मिळून २०. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन मिळून २०. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स १५. पाण्याची मोटर १०. उरलेले किरकोळ.

यादी पुन्हा वाचा. ज्यावरून मी अर्धा तास बोललो होतो ते दिवे (जिन्यातला बल्ब सोडून), टीव्ही आणि चार्जर सगळे मिळून एकूण वापराच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. मोबाईल रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक युनिट होत नाही. आणि एसी व माझा कॉम्प्युटर मिळून १६० युनिट. म्हणजे जवळजवळ ४० टक्के बिल एकट्या माझे.

बिलाचा कागद वाचता येतो का?

आपण बिलावर दोनच गोष्टी बघतो, रक्कम आणि शेवटची तारीख. थोडे आणखी बघायला हवे.

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. महावितरणचे टप्पे आहेत ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्यातले युनिट जवळपास दुप्पट महाग पडते आणि तिसऱ्यातले त्याहून महाग. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

एक गैरसमज मी नात्यात सगळीकडे ऐकतो. शंभरच्या वर एक युनिट गेले की सगळी युनिटे महागात धरतात, असा. तसे नाही. पहिली शंभर स्वस्त दरानेच धरली जातात, महाग होतात ती वरची. याचा अर्थ असा की तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते. म्हणूनच आमच्याकडे युनिट ४३ टक्क्यांनी कमी झाली, पण बिल निम्म्याहून खाली आले.

दुसरे, बिलावरचे चालू रीडिंग प्रत्यक्ष मीटरशी ताडून बघा. मीटर बघायला न येता सरासरीने बिल लावले असेल तर ते बिलावर लिहिलेले असते. एका नातेवाइकांकडे पाच महिने सरासरीचे बिल येत होते आणि त्यांनी ते मुकाट भरले. कारण विचारले तर म्हणाले, ऑफिसात जाऊन आपले कोण ऐकतो. ऐकतात. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तिथे काम झाले नाही तर वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. या दोन्ही ठिकाणी वकील लागत नाही. आपल्यातल्या ज्यांना चार ओळी नीट मराठीत लिहिता येतात त्यांनी मोहल्ल्यातल्या चार घरांचे अर्ज लिहून दिले, तर ते कुठल्याही भाषणापेक्षा मोठे काम आहे.

काय बदलले

आम्ही घरी जे केले ते खर्चाच्या क्रमाने सांगतो.

फुकटातले पहिले. एसी २५ वर, सोबत पंखा, दरवाजा बंद, दोन वाजता आपोआप बंद होईल असा टायमर. ऊर्जा दक्षता ब्युरोचा अंदाज आहे की एसीचे तापमान एक डिग्रीने वाढवले की साधारण ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ डिग्रीवर सेट होऊन येतात. आपण रिमोट हातात घेऊन १८ करतो आणि मग गोधडी घेतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते हाही समज चुकीचा आहे. साधा एसी त्याच वेगाने थंड करतो, फक्त थांबत नाही.

फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला होता, तो वीतभर पुढे ओढला. मागच्या जाळीवरची धूळ काढली. दाराचे रबर फाटले होते, ते काही शे रुपयांत बदलून घेतले. दारात कागदाची नोट अडकवून ओढायची, सहज निघाली तर रबर गेले असे समजायचे. एवढ्यावर फ्रिज महिन्याला ५७ वरून ४२ वर आला. फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून त्यातली छोटी गळतीही मोठी असते.

जिन्यातला ६० वॅटचा बल्ब रात्रभर जळायचा. तिथे ९ वॅटचा एलईडी लावला. २० युनिटांचे ३ झाले. शंभरएक रुपयांत यापेक्षा चांगला सौदा मला माहीत नाही. मोटरसाठी टाकीत तरंगता स्विच बसवला. पूर्वी टाकी वाहायला लागली की शेजारच्या आपा ओरडून सांगायच्या आणि मग कुणीतरी उठायचे. तोपर्यंत वीजही जायची आणि पाणीही. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मदरशात लहानपणीच ऐकलेली असते. छतावरून वाहणारी टाकी मात्र आपल्याला इस्राफ वाटत नाही.

मोठा खर्च पंख्यांचा. आपले जुने पंखे ७५ वॅटच्या आसपास खातात. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. चार पंखे, दिवसाला बारा तास, म्हणजे महिन्याला १०८ ऐवजी ४३ युनिट. एक पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. मी चारही एकदम घेतले नाहीत. पहिला हॉलमध्ये लावला, कारण तो सर्वांत जास्त चालतो. मग दर दोन महिन्यांनी एक. जास्त चालणारे पंखे दीड-दोन वर्षांत आपली किंमत परत करतात. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पंखा महिन्यातून चारदा लागतो, तिथे जुनाच राहू दे. घेताना लेबलवरचे वॅट वाचा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे. आणि लक्षात ठेवा, स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. दहा वर्षांपूर्वीचा पाच स्टार म्हणजे आजचा पाच स्टार नव्हे.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्यात मी सहा वर्षांत चार घरे बदलली. काही घरे नाव ऐकून नाकारली गेली, तो वेगळा विषय. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस म्हणतो की दुसऱ्याच्या घरात पैसे कशाला घालू. पंखा आणि एलईडी भिंतीचा भाग नसतात. स्क्रू काढा, खोक्यात भरा, पुढच्या घरी न्या. घरमालक सब-मीटरवर पैसे घेत असेल तर युनिटचा दर आधी विचारा आणि करारात लिहून घ्या. एका घरात मला बिलावरच्या दरापेक्षा बराच जास्त दर लावला जात होता. मूळ बिल दाखवा म्हटल्यावर तो खाली आला.

आणि छत. आपली बरीच घरे वरच्या मजल्यावर, सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली आहेत. मार्च ते मे ते छत रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. पांढरा चुना किंवा उन्हाळी पांढरा रंग छतावर मारला की खोली काही डिग्रीने थंड राहते. ही काही नवी गोष्ट नाही, आपले आजोबा करायचेच. आता सरकारेही तेच सांगतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे त्यात अशी छते आली. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. आम्ही भावाबरोबर एका रविवारी चुना मारला. पुतण्यांनी अर्धा अंगावर घेतला, पण वरच्या खोलीत फरक पडला.

यंदाच्या रमजानमध्ये मी पुन्हा पंधरा दिवस घरी होतो. एसीही लावला, कॉम्प्युटरही चालला, सहरीला सगळे घर जागे असायचे. बिल आले २३६ युनिट, सव्वीसशेच्या आसपास. अम्मीचा टेबल फॅन रोज चालू होता. या वेळी तर मी तिच्या डोक्यावर नवा पंखा बसवला.

घराबाहेरचे दोन शब्द

सौर पॅनेलबद्दल सगळे विचारतात. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती पॅनेलला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. एक किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देते. पण आधी वापर कमी करा, मग पॅनेल घ्या, म्हणजे लहान पॅनेलमध्ये भागते. आमची गाडी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली. आमचे मीटर आजही आजोबांच्या नावावर आहे. त्यांचे निधन होऊन वीस वर्षे झाली. घर कागदोपत्री वाटले गेलेले नाही. अनुदानासाठी वीज जोडणी अर्जदाराच्या नावावर लागते. तुमच्याही घरी असेच असेल तर नाव बदलण्याचे काम या वर्षी हातात घ्या. आणि वारसांची यादी करताना फुफींची नावे विसरू नका. आमच्या यादीत पहिल्यांदा विसरली होती.

दुसरा शब्द अवघड आहे, पण आपण आपसात नाही बोललो तर कोण बोलणार. आपल्या काही वस्त्यांवर आकडे टाकणाऱ्यांची वस्ती असा शिक्का बसला आहे. हा शिक्का आकडा टाकणाऱ्या दहा घरांपुरता राहत नाही, तो प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या नव्वद घरांवरही बसतो. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे वीज जास्त तास बंद ठेवण्याची पद्धत होती. म्हणजे चोरी एकाची आणि अंधारात अभ्यास दुसऱ्याच्या मुलीचा. त्या शिक्क्याचा निषेध आपण करतो, करायलाच हवा. वीजचोरी सगळ्या जातीधर्मांत आहे आणि वस्तीला जुनाट तारा आणि अपुरा ट्रान्सफॉर्मर देऊन मग दोष द्यायचा हेही चालणार नाही. पण आकडा चुकीचा आहे हे आपल्या गल्लीत मोठ्याने म्हणायची जबाबदारीही आपलीच. लोंबत्या उघड्या तारेला हात लागून जाणारे मूल आपलेच असते.

दर कोण ठरवते हेही माहीत असू द्या. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवतो आणि त्याआधी जाहीर सुनावणी घेतो. त्यात कुणीही नागरिक लेखी हरकत देऊ शकतो. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी जातात, शेतकरी संघटना जातात, ग्राहक पंचायतीचे लोक जातात. आपल्या मोहल्ल्यातून कुणी गेल्याचे मी ऐकलेले नाही. नागरिक असणे म्हणजे मतदानाच्या दिवसापुरते बोटाला शाई लावणे नाही. जे बिल आपण दर महिन्याला भरतो त्याच्या दराबद्दल बोलणे हेही नागरिकत्वच आहे.

आणि ही वीज येते कुठून? देशातली बहुतांश वीज अजून कोळसा जाळून होते. आपल्या राज्यात चंद्रपूरचे केंद्र एकटेच २९२० मेगावॅटचे आहे. तिथल्या लोकांच्या छपरांवर राख पडते तेव्हा आपल्या पंख्याला वारा येतो. आमच्या घरी एका महिन्यात १७६ युनिट वाचली. त्यासाठी जळाला असता तेवढा, शंभर किलोच्या आसपास कोळसा त्या महिन्यात जळला नाही. एका घराचा हिशेब आहे, फार मोठा नाही. पण गल्लीत चाळीस घरे आहेत.

तुम्हाला एकच काम सांगतो. आज रात्री मीटरचे रीडिंग लिहा, उद्या रात्री पुन्हा लिहा, आणि सात दिवस लिहीत राहा. कुणाला काही सांगू नका, कुणावर ओरडू नका. सात दिवसांनी स्वतःची युनिटे आधी मोजा. मग घरात बसा आणि पहिला प्रश्न विचारा की या घरात कुणाचा पंखा बंद आहे. तो आधी चालू करा. बचत त्यानंतर.